मार्केट सुधारलंय म्हणतात, मग बडोद्यात मला आयटीआय फिटरला नोकरी का मिळत नाहीये?

अरे, नोकऱ्या नेहमी मागून येतात. ऑर्डरी वाढल्या की मकरपुरा जीआयडीसीतला शेठ आधी आहेत त्याच माणसांना ओव्हरटाइम देतो, मग ठेकेदाराकडून चार पोरं घेतो आणि काम टिकतंय अशी खात्री पटली की मगच कुणाला स्वतःच्या पगारावर घेतो, यात वर्षसुद्धा जातं. माझंच बघ ना, 2021 ला ठेक्यावर लागलो, पर्मनंट व्हायला दीड वर्ष लागलं, आणि आई दांडिया बाजारात पहिल्याच दिवशी पेढे वाटून मोकळी!

बेरोजगारीच्या आकड्यावर फार जाऊ नकोस. सरकारी सर्व्हेत आठवड्यात एक तास काम केलं तरी माणूस कामावर धरतात, आणि जो शोधतही नाही, कामाला तयारही नाही त्याला मोजतच नाहीत. म्हणून दिवस सुधारले, घरी बसलेले परत शोधायला लागले की आकडा कधीकधी उलट वाढतो.

तू नुसतं पोर्टलवर अर्ज टाकत बसू नकोस. वाघोडिया, सावली, हालोल साइडला जाऊन गेटवर बायोडेटा दे, ओळखीच्या ठेकेदारांना फोन कर. अप्रेंटिसशिप मिळाली तर घे, स्टायपेंड कमी असतो पण जागा निघाली की आतल्या पोराचं नाव आधी आठवतं.