आकड्यांचा विक्रम करायचाय? आधी प्रश्न पारखून घ्या

तुम्ही विचारलंय की कोणी दोन अंकी संख्येचा पाचवा घात सांगितला, तर मूळ संख्या मी दोन-तीन सेकंदांत सांगतो. याचा विक्रम होईल का? माझं मत स्पष्ट आहे, या रूपात होऊ नये. तुमच्या वेगाबद्दल शंका नाही, पण प्रश्नच हलका आहे.

कोणत्याही संख्येचा पाचवा घात काढला तरी एकम स्थानचा अंक तोच राहतो. त्यामुळे 1,35,01,25,107 ऐकलं की शेवटचा 7 आयताच मिळतो. दशकाचा अंक आकारावरून कळतो. 60चा पाचवा घात 77 कोटी 76 लाख, 70चा 168 कोटी 7 लाख. आपली संख्या मधली, म्हणून उत्तर 67. असे नऊ टप्पे पाठ केले की झालं. मुळात शक्य उत्तरंच 90 आहेत. परीक्षक हे लगेच ओळखतील.

हाच गुणधर्म तेराव्या घातालाही आहे, पण तिथे मामला गंभीर होतो. 100 अंकी संख्येचं पूर्णांकी तेरावं मूळ नेहमी 4,12,46,264 ते 4,92,38,826 यांच्यामध्येच येतं. पहिला अंक कायम 4, शेवटचा प्रश्नातच दिलेला; खरी झुंज मधल्या सहा अंकांची, आणि शक्य उत्तरं जवळजवळ 80 लाख. फ्रान्सच्या अलेक्सी लमेर यांनी 2007 मध्ये 200 अंकी संख्येचं तेरावं मूळ 70.2 सेकंदांत काढलं. तिथे उत्तर 16 अंकी असतं.

दुसरी गोष्ट पडताळणीची, आणि हौशी मंडळी नेमकी तिथेच कमी पडतात. शकुंतला देवींनी 1980 साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजात 7686369774870 आणि 2465099745779 यांचा गुणाकार 28 सेकंदांत केला. संख्या त्यांनी स्वतः निवडलेल्या नव्हत्या, हे मला 28 सेकंदांइतकंच महत्त्वाचं वाटतं. उत्तर होतं 18947668177995426462773730. नवाचा ताळा, म्हणजे एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज, घेऊन बघा: पहिल्या संख्येचा 6, दुसरीचा 2, गुणाकार 12 म्हणजे 3, उत्तराच्या अंकांची बेरीज 138, म्हणजे 12, म्हणजे 3. जुळलं. मात्र दोन अंकांची अदलाबदल झाली असेल तर ती या ताळ्यात सापडत नाही, म्हणून नुसत्या ताळ्यावर विसंबू नका. विल्यम शँक्स यांनी हाताने काढलेली π (पाय, म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास) या संख्येची 707 दशांश स्थळं 1873 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातली 527च बरोबर होती, आणि हे कळायला 1944 उजाडलं.

चिकाटीचे विक्रम वेगळे. ऑस्ट्रेलियाच्या लेस स्ट्युअर्ट यांनी एक ते दहा लाख सगळ्या संख्या टंकयंत्रावर अक्षरी टंकल्या. 1982 ते 1998, साधारण 19,890 पानं. अमेरिकेच्या जेरेमी हार्पर यांनी 2007 मध्ये दहा लाखांपर्यंत मोठ्याने मोजलं, 89 दिवस. याला कोणी वेडेपणा म्हणो, मला मनापासून आदर वाटतो. पण तुमची ताकद वेगात आहे, तेव्हा हा रस्ता तुमचा नाही.

तुमच्यासाठी मी तारखेवरून वार सांगण्याचा प्रकार सुचवेन. 2004 पासून होणाऱ्या मनोगणित विश्वचषकात तो आहे: 1600 ते 2100 मधल्या तारखा, मिनिटात जास्तीत जास्त अचूक वार. तारखा संगणक देतो, त्यामुळे आधीच पाठ करून आल्याचा आरोप टिकत नाही. 400 वर्षांत 1,46,097 दिवस, म्हणजे बरोबर 20,871 आठवडे. म्हणून 1600 आणि 2000 ची दिनदर्शिका एकच, आणि वार काढताना शतकानुसार मिळवायचे चारच आकडे लक्षात ठेवावे लागतात. आधी एकाच शतकातल्या तारखा पक्क्या करा, मग शतकं मिसळा. चित्रीकरण सलग ठेवा, घड्याळ चौकटीत दिसू द्या आणि चुकलेली उत्तरंही नोंदवा. पहिल्या मिनिटाचा आकडा इथे टाका, वेग कुठे अडतोय ते सांगतो.