बागेतल्या मोठ्या गोगलगायी आणि बेन्सनसाहेब

प्रश्न : ताई, बडोद्यात आमच्या वाड्यामागे पाऊस लागला की चार-चार इंचाच्या गोगलगायी निघतात, तपकिरी पट्ट्यांच्या शंखाच्या. अळू, झेंडू रातोरात फस्त! शेजारी म्हणतात कुणा साहेबाने आणल्या, खरंय का?

उत्तर : काका, वर्णनावरून ही आफ्रिकन गोगलगाय वाटतेय, आणि शेजाऱ्यांचं खरंय. विल्यम हेन्री बेन्सन (१८०३–१८७०) हा कंपनी सरकारच्या बंगाल सिव्हिल सर्व्हिसमधला अधिकारी, पण जीव सगळा शंख-शिंपल्यांत. नोकरी सांभाळून भारतातल्या जमिनीवरच्या कितीतरी गोगलगायींना पहिल्यांदा शास्त्रीय नाव दिलं ते यानेच, आणि त्याचा संग्रह आजही केंब्रिजच्या प्राणी-म्युझियममध्ये आहे. बरं, एवढा जाणकार माणूस, तरी १८४७ च्या सुमारास मॉरिशसहून जिवंत गोगलगायी कलकत्त्याला घेऊन आला, मग त्या चौरंगीतल्या एका बागेत सोडल्या गेल्या नि तिथून पसारा वाढतच गेला. हौस होती हो, दुसरं काय! मूळच्या त्या पूर्व आफ्रिकेतल्या, प्रत्येकीत नर-मादी दोन्ही अवयव, आणि एकेका खेपेला शंभराच्या वर अंडी, मातीत साबुदाण्यासारखी पिवळट दिसतात बघा.

आता उपाय. संध्याकाळी ओलं पोतं पसरून ठेवा, सकाळी त्याखाली गोळा झालेल्या उचलून मिठाच्या पाण्यात टाका, अंडी दिसली तर तीही. मीठ थेट वाफ्यात नको, माती खराब होते. आणि उघड्या हाताने अजिबात नाही, हातमोजे घाला, त्यांच्यातून मेंदूला त्रास देणारा एक जंत माणसात येऊ शकतो. अळूची पानंही नीट धुऊन शिजवूनच खा.