राइप अ‍ॅटलास इंटरनेटचे मापन कसे करते आणि संशोधकांना त्याचा उपयोग काय?

इंटरनेटचे पत्ते (आयपी) वाटणाऱ्या अ‍ॅमस्टरडॅमच्या राइप एनसीसी या संस्थेने २०१० मध्ये सुरू केलेल्या या जाळ्यात स्वयंसेवक आपल्या घरच्या राउटरला तळहातावर मावेल एवढे ‘प्रोब’ नावाचे उपकरण जोडतात. ते घरातल्या कोणाच्याही वापराकडे न पाहता स्वतःच पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो), ट्रेसराउट (डेटा कोणकोणत्या टप्प्यांतून जातो), डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणे) अशा चाचण्या करून निकाल मध्यवर्ती यंत्रणेकडे धाडते. प्रोब चालू ठेवल्याबद्दल क्रेडिट मिळतात आणि ते खर्चून इतरांच्या प्रोबवरून आपली चाचणी लावता येते. ही देवाणघेवाण मला फार मोलाची वाटते. समुद्राखालची केबल तुटल्यावर ट्रेसराउटमधले टप्पे बदललेले आणि डेटाची २० मिलिसेकंदांची जाऊन-येऊन फेरी १५० वर गेलेली दिसू शकते. निकाल बहुतांशी खुले असल्याने संशोधकांना ते नंतरही तपासता येतात. मात्र प्रोब युरोपात दाटीने असल्याने सरासरी जपूनच काढावी.