निवाडा म्हणजे शिक्षा नव्हे

प्रश्न असा आला आहे: ‘ख्रिस्ती लोकांच्या जजमेंट डेला मराठीत विनाशदिन म्हणावं, कयामत म्हणावं, की न्यायनिवाड्याचा दिवस? आणि न्याय नि निवाडा एकच असतील, तर दोन्ही शब्द शेजारी शेजारी कशाला?’

विनाशदिन तर मुळीच नको. बातम्यांचे मथळे आणि चित्रपटांची मराठी रूपं यांत हा शब्द इतका ऐकला आहे की आता कानावर पडला की चीड येते. उल्का आदळणार असो की अणुयुद्ध पेटणार असो, लगेच ‘जजमेंट डे आला’! अहो, पृथ्वी फुटणं वेगळं आणि माणसाच्या जगण्याचा निकाल लागणं वेगळं. फुटण्यासाठी आपल्याकडे प्रलय आहे, जगबुडी आहे, तेवढ्यावर भागवा. ख्रिस्ती श्रद्धेत ख्रिस्ताचं पुनरागमन, मृतांचं पुनरुत्थान, निवाडा आणि नवं आकाश-नवी पृथ्वी हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. पण गुंतलेलं आहे म्हणून एकाचं नाव दुसऱ्याला द्यावं असं होत नाही.

कयामतीचं थोडक्यात सांगतो. अरबी ‘कियामा’ म्हणजे उठून उभं राहणं. आपले कायम आणि मुक्काम त्याच धातूचे. ग्रीक नव्या करारात पुनरुत्थानाला ‘अनास्तासिस’ म्हटलं आहे, त्याचाही अर्थ उभं राहणंच. म्हणजे कयामत हा उठण्याचा शब्द झाला, निकालाचा नव्हे.

आता निवाडा. यासाठीच तर लिहायला बसलो.

निवाडा आला निवडण्यातून. पडचा पाड होतो, तसा निवडचा निवाड. ‘वाद’ शब्दाशी त्याचा काडीचा संबंध नाही, ‘वाद मिटला तो निवाडा’ ही जुळवाजुळव सोडून द्या. निवडणे हे प्राकृत ‘णिव्वड’चं मराठी रूप. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात या णिव्वडचा अर्थ दोन शब्दांत दिला आहे: पृथक् आणि स्पष्ट. वेगळं होणं आणि उघड दिसणं. ‘भू’ (होणे) या धातूच्या जागी येणारा आदेश, म्हणजे बदली रूप, म्हणून त्याने तो नोंदवला आणि तिथेच थांबला. त्याच्या गळ्यात एखादा संस्कृत धातू बांधल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, त्यांनी निदान हेमचंद्राने सांगितलेला अर्थ तरी नीट वाचावा. वेगळं आणि स्पष्ट! न्यायाची याहून नेमकी व्याख्या मला तरी कुठे भेटलेली नाही.

हा अर्थ मराठीत किती जिवंत होता ते ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायात पाहा. सत् आणि असत् एकमेकांत मिसळलेलं कसं ओळखायचं, हे तिथे एकापाठोपाठ एक दृष्टान्त देऊन सांगितलं आहे. पाण्यातलं दूध ‘निवडूनि राजहंसें वेगळें कीजे’. पुढच्याच ओवीत ‘अग्निमुखें किडाळ’, म्हणजे आगीने हीण, तोडून बुद्धिमंत चोख सोनं निवडून काढतात. आणखी पुढे ‘भूस बीज एकवट’ असलेलं उपणलं की दाणा राहतो नि फोल उडून जातं. साल १२९०.

आता बायबल उघडा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्मा करणारा योहान येणाऱ्या ख्रिस्ताबद्दल बोलतो: त्याच्या हातात सूप आहे, तो खळं स्वच्छ करील, गहू कोठारात साठवील आणि भूस जाळील. (मूळ ग्रीक शब्द मळणी झालेलं धान्य वाऱ्यावर उधळायच्या अवजाराचा आहे. मराठी भाषांतरकारांनी सूप केलं, आणि फार चांगलं केलं.) मलाखीच्या तिसऱ्या अध्यायात परमेश्वर चांदी शुद्ध करणाऱ्यासारखा बसतो. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात पौल म्हणतो की प्रत्येकाचं काम त्या दिवशी अग्नीने उघड होईल. ज्याचं काम जळेल त्याचं नुकसान होईल, पण तो स्वतः तारला जाईल, जणू आगीतून बाहेर पडल्यासारखा. ‘उघड होईल’ हा पौलाचा शब्द हेमचंद्राच्या ‘स्पष्ट’च्या शेजारी ठेवून बघा. ज्ञानेश्वरांनी बायबल वाचलं होतं असलं काही मी म्हणत नाही आणि दोन्ही सिद्धान्त एकच आहेत असंही नाही. उपणणं आणि गाळणं डोळ्यांसमोर असलेल्या माणसांनी निर्णयासाठी तीच चित्रं उचलली, एवढंच म्हणतो.

आणि ग्रीक शब्द! नव्या करारात न्यायासाठी येतो तो ‘क्रिसिस’. धातू ‘क्रिनेइन’, म्हणजे वेगळं करणं, पारखणं. त्याच कुळातला लॅटिन ‘क्रिब्रुम’ म्हणजे चक्क चाळण. इंग्रजी क्रायसिस, क्रिटिक, सर्टन, सीक्रेट ही सगळी त्याच गोतातली. जुने ग्रीक वैद्य रोग बरा होणार की रोगी जाणार हे ठरवणाऱ्या घडीला क्रिसिस म्हणत. तिथूनच तो संकटवाचक झाला आणि इंग्रजीत तर आता बहुतेक संकटवाचकच उरला. निवाड्याची मराठीत तीच गत होऊ पाहते आहे, म्हणून माझा एवढा जीव जळतो.

‘पण बायबलात क्रिसिस म्हणजे शिक्षाच,’ असं ठासून सांगणारे आहेत. ते योहानाच्या शुभवर्तमानातलं ५:२९ हे वचन पुढे करतात: चांगलं करणारे जीवनाच्या पुनरुत्थानासाठी उठतील, वाईट करणारे क्रिसिसच्या. कबूल, तिथे शब्द प्रतिकूल अर्थाने आला आहे. पण ‘जीवन’ समोर उभं केल्यामुळे त्याला तो रंग चढला, हे का विसरता? त्याच शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात क्रिसिस कशाला म्हणायचं ते सरळ सांगितलं आहे: प्रकाश जगात आला आणि माणसांना अंधार अधिक आवडला. यात चाबूक नाही की तुरुंग नाही. प्रकाश आला नि माणसं वेगळी दिसली, बस. शिक्षा ठोठावण्यासाठी ग्रीकमध्ये ‘काताक्रिमा’ हा निराळा शब्द आहे, आणि रोमकरांच्या आठव्या अध्यायात त्यासाठी मराठी बायबलने ‘दंडाज्ञा’ हा निराळाच शब्द योजला आहे. दोन अर्थांना दोन शब्द तयार असताना एकच दोन्हीकडे दडपायचा ही कुठली रीत?

तीच गोष्ट निदणाच्या, म्हणजे तणाच्या, दाखल्याची. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात शत्रू गव्हात निदण पेरून जातो. हे निदण बहुधा डार्नेल नावाचं गवत, आणि ओंबी धरेपर्यंत ते गव्हासारखंच दिसतं. चाकर म्हणतात, उपटू का? धनी म्हणतो, नको, त्याबरोबर गहूही उपटाल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. निवाडा शेवटी का, याचं उत्तर इथे आहे. त्याआधी निवडताच येत नाही! जो स्पष्ट झाला नाही त्याला वेगळा कसा काढणार?

एका भाषांतराशी मात्र माझं जुनं भांडण आहे. जुन्या करारातल्या ‘शोफेतीम’ या पुस्तकाला मराठीत ‘शास्ते’ म्हणतात. शास् म्हणजे शासन करणं, आणि शासन म्हटलं की मराठी कानाला दंड ऐकू येतो. हिब्रू शोफेत हा तंटा तोडणारा. त्या पुस्तकाच्या दुसऱ्याच अध्यायात परमेश्वर शोफेत उभे करतो ते लोकांना लुटारूंच्या हातून सोडवण्यासाठी. म्हणूनच ९६ व्या स्तोत्रात परमेश्वर पृथ्वीचा न्याय करायला येतो तेव्हा रानातली झाडं आनंदाने गातात. विनाशदिनाला झाडं कशी गातील?

विनाशाची भानगड आली ती इंग्रजीतल्या ‘डूम’मुळे. जुन्या इंग्रजीत ‘डोम’ म्हणजे कायदा, निकाल. आपल्या ‘धा’ धातूचाच तो भाऊबंद, वेदांतल्या ‘धामन्’चा, ज्याचा एक अर्थ नियम असाही आहे. विल्यम राजाने १०८६ साली इंग्लंडातल्या जमिनींची जी मोजदाद करवली तिला लोक डूम्सडे बुक म्हणू लागले, कारण तिच्यातल्या नोंदीवर अपील नव्हतं. तिथे कुणाचा विनाश झाला होता? पुढे डूमचा अर्थ सर्वनाशाकडे घसरला आणि आपण ती घसरण तेवढी उचलली.

राहिला जोडशब्द. न्याय म्हणजे रीत, नियम. त्या नियमाने निवडून काढणं हा निवाडा. एक माप, दुसरी मोजणी. यात पुनरुक्ती पाहणाऱ्यांनी मराठेशाहीतले कागद काढून पाहावेत. तंटा तुटला की निवाडपत्र कुणाला मिळे? जिंकलेल्याला. हरलेला येजितखत, म्हणजे हार कबूल असल्याचं पत्र, लिहून देई. ज्याच्या हाती निवाडपत्र पडे तो ते घरात जपून ठेवी, पिढ्यान्‌पिढ्या.