दोन टोल्या, पंधराशे रुपये

प्रश्न : आमच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) नुकताच हंगामाचा सण झाला. उपासनेनंतर अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव होतो. यंदा एक भोपळा अकरा हजारांना गेला. घेणाऱ्याचं नाव माइकवर तीनदा पुकारलं, फोटो निघाले. माझ्या सासूबाई विधवा आहेत. निराधार योजनेचे महिन्याचे पंधराशे रुपये त्यांनी बिननावाच्या पाकिटात घालून सगळेच्या सगळे अर्पण केले. खजिनदारांनी "पाकीट कुणाचं?" म्हणून विचारलं, तरी त्या गप्पच राहिल्या. घरी आल्यावर कळलं, त्यांच्या बीपीच्या गोळ्या संपल्यात. माझे मिस्टर खूप चिडले. मलाही राग आला आणि मग रागाचीच लाज वाटली. सासूबाईंचं चुकलं का? पुढच्या वेळी त्यांना अडवावं का?
— एक भगिनी, राहुरी तालुका

उत्तर : ताई, आधी गोळ्या आणा. अंक हाती येईपर्यंत आणल्याही असतील, तरी पहिलं तेच लिहितो.

मी चौतीस वर्षं खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांत पाळक, म्हणजे पाद्री होतो. अर्पणाचा रविवार आला की बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय काढायचो आणि ४१ व्या ओवीपासून वाचायचो. येशू मंदिराच्या भांडारासमोर बसला आहे, श्रीमंत पुष्कळ टाकताहेत, आणि एक गरीब विधवा येऊन दोन टोल्या (अगदी लहान नाणी), म्हणजे एक दमडी टाकते. त्या काळी मजुराचा रोज एक दिनार होता आणि एका दिनाराच्या १२८ टोल्या होत. आज खुरपणीचा रोज तीनशे वीस धरला, तर तिचं दान पाच रुपयांचं झालं. हा हिशेब मी व्यासपीठावरून मोठ्या उत्साहाने सांगायचो आणि लगेच थैली फिरवायचो.

नेवासे तालुक्यात एकदा उपासना सुटल्यावर एक म्हातारी दारात थांबली. म्हणाली, "साहेब, त्या बाईनं संध्याकाळी काय खाल्लं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. घरी जाऊन तोच अध्याय पुन्हा उघडला, पण या वेळी तीन ओव्या मागून, ३८ पासून वाचला. तिथे येशू शास्त्र्यांपासून, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राच्या पंडितांपासून जपायला सांगतो : लांब झगे घालून मिरवणारे, बाजारात नमस्कार घेणारे, सभास्थानात पुढची आसनं धरणारे, देखाव्यासाठी लांबच लांब प्रार्थना करणारे. आणि त्यांच्याबद्दल तो म्हणतो की ते विधवांची घरं गिळतात. त्याच्या पुढचीच गोष्ट या विधवेची. आणि तेरावा अध्याय उघडताच तो सांगतो की या मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही. इतकी वर्षं मी मधल्या चारच ओव्या उचलत होतो. तिने सगळी उपजीविका टाकली, म्हणून येशूने शिष्यांना जवळ बोलावून तिचं दान सर्वांत मोठं ठरवलं, हे खरंच. पण तिच्यावर ती वेळ आणणारेही त्याच्या नजरेतून सुटले नव्हते.

म्हणून तुमच्या सासूबाईंचं काही चुकलं, असं मी म्हणणार नाही. पाकिटावर नाव नाही, विचारल्यावरही नाही. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये असं सांगितलंय, ते त्यांनी जसंच्या तसं पाळलं. त्यांना अडवू नका. निवांत वेळ पाहून जवळ बसा आणि विचारा, "आई, कशासाठी दिलंत?" काहीतरी नवस नव्हे, पण उपकाराची आठवण त्यांच्या मनात असेल. ती ऐकणारं घरात कुणी हवं.

भोपळा घेणाऱ्या भावाचं मन मी जाणत नाही, त्याला बोल लावत नाही. माइक मात्र बंद व्हायला हवा. माझ्या शेवटच्या मंडळीत पंचकमिटीने नावं आणि आकडे वाचणं थांबवलं. दोन कुटुंबं नाराज झाली, एक दुसरीकडे जाऊ लागलं. त्या वर्षी अर्पण घटलं आणि कंपाउंडची भिंत तशीच राहिली. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

माझी आई दळणाआधी मूठभर ज्वारी एका मडक्यात बाजूला टाकायची. महिनाअखेर ते मडकं मंडळीत रिकामं व्हायचं, कुणाची मूठ कुठली ते कळत नसे. पुढे वाचलं, मिझोराममधल्या ख्रिस्ती बाया १९१० च्या सुमारापासून असंच करत आल्या आहेत. स्वयंपाकाआधी एक मूठ तांदूळ देवासाठी काढतात, आणि त्या मुठींवर तिथल्या मंडळ्यांची कितीतरी कामं चालली आहेत. तुमच्या सासूबाईंना ही रीत सुचवून पाहा. रोज देण्याचा आनंदही राहील, गोळ्याही राहतील.

आणि एक. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय काढा. पहिल्या मंडळीत कुरकुर उठली ती विधवांवरूनच : रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं. प्रेषितांनी त्या बायांना गप्प केलं नाही, त्या कामासाठी सात माणसं नेमली. तुमच्या मंडळीत असे सात कोण, हे मिस्टरांना बरोबर घेऊन पाळकसाहेबांना विचारा. औषधाचा खर्च मंडळीने उचलावा म्हणून सांगायला संकोच करू नका. जाताना बायबल सोबत न्या.