नातीचा टायफॉइड आणि म्युनिकच्या डॉक्टरांचे प्रश्न

ताई, तुमचा प्रश्न वाचला. सुट्टीत नात तीन आठवडे नौपाड्यात तुमच्याकडे राहिली, म्युनिकला परतल्यावर तिला ताप भरला आणि ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, टायफॉइड निघाला. कुठे राहिलात, काय खाल्लं, लस घेतली होती का, असं सगळं तिथल्या क्लिनिकने विचारलं आणि ही माहिती एका आंतरराष्ट्रीय नेटवर्ककडे जाईल असं सांगितलं. आता मुलाच्या व्हिसाची काळजी, शिवाय आपल्या घरावर ठपका आला ही बोच. मी ठाण्यात बरीच वर्षं प्रॅक्टिस करतो, परदेशातून आलेले तापाचे पेशंट नेहमी बघतो, म्हणून सविस्तर लिहितो.

ते नेटवर्क बहुधा जिओसेंटिनेल असावं. प्रवाशांच्या आजारांवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ते 1995 साली अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या साथीने सुरू केलं. निदान, प्रवासाचे देश, तारखा, प्रवासाचं कारण एवढंच त्यात जातं. नाव-पत्ता जात नाही. टायफॉइडची नावासह नोंद जर्मनीच्या कायद्यानुसार स्थानिक आरोग्य कार्यालयात वेगळी होते. ती आजूबाजूच्यांना लागण होऊ नये म्हणून असते, व्हिसासाठी नव्हे.

या नोंदींचा उपयोग काय, ते 2000 साली दिसलं. बोर्निओतल्या सबाहमध्ये इको-चॅलेंज ही साहसी स्पर्धा झाली, 304 खेळाडू होते. सगळे आपापल्या देशी पांगले आणि एकेक जण तापाने आजारी पडू लागला. एका शहरातल्या डॉक्टरला एकच पेशंट दिसतो, त्यावरून काय कळणार? पण वेगवेगळ्या देशांतल्या क्लिनिकच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर लेप्टो, म्हणजे दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, लक्षात आला. संशय सेगामा नदीच्या पाण्यावर गेला आणि बाकीच्या स्पर्धकांना गाठून सावध करता आलं.

ठपक्याचं म्हणाल, तर तसा तो ठेवताच येत नाही. भारतातून किती जण ठणठणीत परतले हे क्लिनिकला ठाऊक नसतं, त्यांना फक्त आजारी पडलेले दिसतात. त्यामुळे शंभरात किती जणांना लागण होते, हा हिशेब या नोंदींतून निघत नाही.

एक गोष्ट मात्र त्यांतून पुन्हा पुन्हा समोर आली आहे आणि ती मला फार लागते. आजारी पडलेल्यांतच पाहिलं, तर पर्यटकांपेक्षा आपल्या माणसांना भेटायला मायदेशी येणाऱ्यांत टायफॉइड आणि मलेरिया जास्त आढळतो. पर्यटक निघण्यापूर्वी सल्ला घेतो, लस घेतो. आपली मुलं म्हणतात, घरीच तर चाललोय! परदेशात वाढलेल्या नातवंडांची इथल्या जंतूंशी ओळखच नसते, आणि ती महिना-महिना राहून आपल्याबरोबर सगळं खातात-पितात. तलावपाळीवर पाणीपुरी खाऊ घालणाऱ्या आजीचा यात काही गुन्हा नाही. लस राहून गेली, एवढंच. आपल्या शेजारी नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये 9 महिने ते 14 वर्षांच्या मुलांसाठी टायफॉइड काँजुगेट लसीची मोहीम घेतली आणि लाखाहून जास्त मुलांना लस दिली. पुढच्या खेपेला निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी नातीने लस घेतलेली असू दे. आत्ता टायफॉइड झाला म्हणून पुन्हा होणार नाही, असं नसतं.

कुठे गेला होतात, हा प्रश्न औषध ठरवायलाही लागतो. आपल्याकडच्या टायफॉइडच्या जंतूंवर सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक बहुतेक वेळा चालत नाही. पाकिस्तानातल्या सिंधमध्ये 2016 पासून सेफ्ट्रिॲक्सोन या अँटिबायोटिकलाही न जुमानणारा प्रकार पसरला आहे. गावाचं नाव लपवलं, तर डॉक्टर चुकीच्या औषधाने सुरुवात करू शकतात. म्हणून सुनेला सांगा, सगळं मोकळेपणाने सांग.

आणि जंतूंवर कोणतं औषध चालतं ते सांगणारा कल्चर-सेन्सिटिव्हिटीचा रिपोर्ट मागवून स्वतःजवळ ठेवा. तुमच्या घरात किंवा स्वयंपाकाच्या मावशींना ताप आला, तर नुसत्या विडाल या रक्ततपासणीवर विसंबू नका. अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी ब्लड कल्चरसाठी रक्त द्या आणि म्युनिकचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. ताप नसला तरी मावशींची एकदा तपासणी करून घ्या. काही जण आजारी न दिसताही जंतू बाळगून असतात. हे त्यांना प्रेमाने समजावा, आणि त्यापायी त्यांचं काम जाऊ देऊ नका.