‘भांगाची भरती’ आणि एक भाबडा प्रश्न

नवी मुंबईतल्या, खाडीकाठच्या ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे: लेकीच्या सातवीच्या भूगोलात ‘उधाणाची भरती’ आणि ‘भांगाची भरती’ असे दोन शब्द आलेत. उधाण ऐकून माहीत आहे, पण हा भांग कुठला? लेकीचा प्रश्न तर थेट आहे, ‘केसातला की होळीतला?’

ताई, पोरीने नेमक्या जागी बोट ठेवलंय, आणि उत्तर तिच्या पुस्तकातच आहे. पुस्तकात ‘भांगाची’ छापलंय, ‘भांगेची’ नाही. प्यायची ती भांग स्त्रीलिंगी, म्हणून ‘भांगेच्या नशेत’. केसातला तो भांग पुल्लिंगी, म्हणून ‘भांगात कुंकू’. भरतीचा भांगही पुल्लिंगी. तेव्हा सामान्यरूपानेच होळीतली भांग बाद झाली. तिचं मूळ संस्कृत भङ्गा, तेही स्त्रीलिंगीच. उरलेले दोन पुल्लिंगी भांग मी संस्कृत ‘भङ्ग’शी, म्हणजे तुटण्याशी, जोडतो. जङ्घाचं जांघ होतं तसं भङ्गचं भांग. केस जिथे दुभंगतात तो भांग, आणि पाण्याचा जोर जेव्हा मोडतो तोही भांग. हा माझा तर्क आहे, पण लिंग, उच्चार आणि अर्थ तिन्ही जुळतात म्हणून मला पटतो.

जोर मोडतो म्हणजे काय, तर अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र, पृथ्वी जवळपास एका रेषेत येतात आणि चंद्र-सूर्य दोघांच्या ओढीचा जोर एकत्र होतो. ते उधाण. अष्टमीच्या सुमारास, मग ती शुद्ध असो वा वद्य, चंद्र-सूर्य पृथ्वीशी काटकोनात असतात. चंद्र एकीकडे ओढतो, सूर्य दुसरीकडे. भरती घडवण्यात सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमीच, त्यामुळे जिंकतो चंद्र, पण त्याचं बळ छाटलं जातं. मुंबई बंदरात उधाणाला भरती-ओहोटीतला सरासरी फरक साडेतीन मीटरच्या वर असतो, भांगाला जेमतेम दीड मीटर. म्हणजे भांगाला भरती तर कमी चढतेच, ओहोटीही कमी उतरते. हे दुसरं निम्मं मुलं परीक्षेत हमखास विसरतात, कारण ‘भरती’ हाच शब्द डोक्यात बसलेला असतो. पुस्तकात बऱ्याचदा ‘भांगाची भरती-ओहोटी’ असं जोडीने लिहितात, ते याचसाठी.

इंग्रजी माध्यमातल्या पोरांची वेगळीच फसगत. ‘स्प्रिंग टाइड’ वाचून ती वसंत ऋतू शोधत बसतात. तिथला स्प्रिंग उसळण्याचा, ऋतूचा नव्हे. ही भरती वर्षभर दर पंधरवड्याला येते. आपलं उधाण त्यापेक्षा कितीतरी सरळ.

कोळीवाड्यात मात्र हे शब्द परीक्षेचे नाहीत, पोटाचे आहेत. डोल जाळं खुंटाला बांधून प्रवाहात सोडायचं असतं. पाणी जोरात वाहिलं तर मासळी आत येते. उधाणाला पाणी पळतं, म्हणून धंदा. भांगाला पाणी मंद, म्हणून होडी काठाला आणि हात जाळ्याच्या डागडुजीला. गंमत बघा, उधाण गावात येऊन आनंदाला, चर्चेला, अफवांनाही येऊ लागलं, ओहोटी लोकप्रियतेला लागली, पण भांग बिचारा खाडीतच राहिला. म्हणूनच तो ऐरोलीतल्या सातवीच्या मुलीला परका वाटतो. घरापासून खाडी किती लांब!

एक तक्रार मात्र करणारच. पावसाळ्यात बातमी येते: ‘आज समुद्राला उधाण, 4.8 मीटर उंचीच्या लाटा उसळणार.’ साफ चूक. तो आकडा लाटेचा नसून भरतीच्या पाण्याच्या पातळीचा असतो, तोही जवळपास सगळ्यात खोल ओहोटीशी धरलेल्या शून्यापासून मोजलेला. वारा पडलेला असेल तर 4.8 मीटरची भरती एकही मोठी लाट न उठता गुपचूप चढते. लाट वाऱ्याची, उधाण चंद्र-सूर्याचं. नवी मुंबईकरांनी तर हा फरक जाणायलाच हवा. इथले सखल भाग भरतीच्या पातळीच्या खाली असल्याने सिडकोने धारण तलाव बांधले. भरतीला त्यांची खाडीकडची दारं मिटतात आणि पावसाचं पाणी आत साठून राहतं, ओहोटीला बाहेर पडतं. ऐन उधाणात मुसळधार पाऊस आला की लाट एकही नसताना रस्ते तुंबतात.

लेकीला पडताळा घ्यायचा असेल तर जुना हिशोब सांगा: तिथीची पाऊणपट करा, मुंबईकडची भरतीची ढोबळ वेळ येते. अष्टमी, आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा, पंधराची सव्वाअकरा. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, पाऊण तास तिथूनच आला. खाडीत आत पाणी जरा उशिरा पोचतं, एवढी सूट द्या. पौर्णिमेला संध्याकाळी सहा-साडेसहाला ऐरोलीच्या पुलावरून खाली बघा, चिखल लांबवर उघडा पडलेला असेल. हिवाळ्यानंतरचे दिवस असतील तर त्यात चोच घालून चरणारे फ्लेमिंगोही. मग येत्या अष्टमीला दुपारी साडेबारा-एकला, ओहोटीच्याच वेळी, त्याच जागी उभी करा. ओहोटी असूनही चिखल थोडकाच दिसेल. तो भांग.